अडाणी नर्सबाई

ऐंशीच्या सुमारास सानगडीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमच्या नर्सबाई मोठ्या बनेल. कोणाला काही शिकवायचं असलं की आधी स्वतःच अडाणी व्हायच्या.

एकदा हगवणीनं मलूल झालेलं लेकरू आलं. सोबत गावची म्हातारी सुईण. "पाणी देलं का जुलाब वाढते," म्हणून तिनं पाणीच तोडलेलं. डॉक्टर भडकले. बाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं आणि मीठ-साखरेचं पाणी मुद्दाम खारट करून सुईणीपुढे धरलं.

"माय, हे साधं पाणी नाही, जुलाबाचं औषध होय. आसवाहून खारट नोको म्हणतेत डॉक्टर. मले काही जमून नाही राहिलं. चाखून पाहा न."

सुईणीनं तोंड वाकडं केलं, "सरक वो!" म्हणत भांडं हिसकावलं, स्वतः नवं पाणी केलं आणि चमच्याचमच्यानं लेकराला पाजत बसली. सांजेला लेकरू मोठ्यानं रडलं, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सुईण झाडाखाली आयाबायांना तेच पाणी करून दाखवत होती. नर्सबाईंना पाहून ओरडली, "ये वो पोरी, तू बी शिकून घे. तुले नाही जमत."

नर्सबाई मुकाट्यानं बायांत जाऊन बसल्या आणि डॉक्टरांनाही बोलावणं धाडलं.