उरलेली काच

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, "सुशीलाबाई वारल्या, सिस्टर. हिवताप... डोक्यात गेला." मी त्याच्यावर खेकसलेच. "काहीबाही नको बोलू! शनिवारी आम्ही दोघी चंद्रपुरात जेवलो." जणू शनिवारी जेवलेलं माणूस बुधवारी मरतच नाही. दीड महिना झाला, मला अजून खरं वाटत नाही.

आम्ही दोघी जंगलातल्या नर्सबाया. नदीच्या अलीकडचं उपकेंद्र माझं, पलीकडचं त्यांचं. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि काचांची डबी चंद्रपुरात तपासायला द्यायची. प्रयोगशाळेची दुपारची सुट्टी संपेपर्यंत आम्ही बसस्टँडमागच्या चायनीज हॉटेलात बसायचो. चार टेबलं, दारात लाल कागदी कंदील. मालक सिरोंच्याकडचे तेलुगू अण्णा. चीन त्यांनी नकाशातही पाहिला नसावा. सुशीलाबाई नूडल्स हातानं खायच्या. कोणी टकमक बघितलं की मोठ्यानं म्हणायच्या, "काऊन पाहून राह्यले? शेवयाच त आहेत!" सूपमध्ये व्हिनेगरातल्या हिरव्या मिरच्या मूठभर टाकायच्या, पण नाकावर घामाचा थेंब नाही. मी दोन मिरच्यांत रडकुंडीला यायची. "अन् म्हणे झाडीतली पोरगी!" असं म्हणून त्या खो खो हसायच्या.

त्या शनिवारी मात्र त्यांचं कपाळ घामानं डबडबलं. हात थरथरून सूप टेबलावर सांडलं. आणि मी? मी टाळ्या पिटल्या. "हरल्या बाई! मिरचीनं हरवलं तुमाले!" अण्णांनाही हाक मारून दाखवलं. अण्णा हसले, त्याही हसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि डबीकडे बघत म्हणाल्या, "एक काच कोरी राह्यली. घे ना माझंच रक्त."

"जेवताना रक्त? भलतंच काय, बाई!" म्हणत मी ती कोरी काच पर्समध्ये टाकली आणि डबीचं झाकण लावलं.

अहो, शेकडो बोटं टोचली मी! घाम आणि थरथर ओळखायला मला पुस्तक लागत नाही. आणि समोर बसलेल्या बाईचा ताप मला मिरचीचा वाटला. त्या गंमत करत होत्या की त्यांना कळलं होतं...? दुसऱ्याला गोळी गिळवल्याशिवाय दारातून न हलणारी बाई स्वतःचा ताप मात्र "उतरंन" म्हणून अंगावर काढायची. पुन्हा एकदा म्हणाल्या असत्या तर! मी तरी हात धरून पाहिला असता तर! डोकं फिरायची वेळ येते.

परवा काचा द्यायला गेले, तेव्हा पाय आपोआप हॉटेलाकडे वळले. अण्णांनी न विचारता सूपच्या दोन वाट्या ठेवल्या, मध्ये मिरच्यांची बरणी. मग चूक लक्षात येऊन ते तिथंच थबकले. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. मी चटकन त्यांचं मनगट धरलं.

"भट्टीचा घाम आहे, बाई," ते म्हणाले.

"असू द्या. बोट पुढं करा."

आणि मी पर्समधून सुशीलाबाईंची ती कोरी काच बाहेर काढली.