नऊ नंबरची प्रत

देशाच्या सुरक्षेची मसलत करणाऱ्या परिषदेत कोणाच्या शब्दाला किती वजन, ते देव जाणे. पण बैठकीनंतर दार कधी उघडायचं ते मोजणीबाई ठरवत. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच: बारा खुर्च्या लावायच्या, बारा नंबर घातलेल्या प्रती वाटायच्या आणि सगळ्या परत आल्याशिवाय कोणालाही बाहेर सोडायचं नाही.

"तुमच्याकडे नक्की कोण काय असतं गं?" असं मुलीने विचारलं, तेव्हा बाईंनी जेवणाच्या टेबलावर वाट्याच मांडल्या होत्या. मधली मोठी वाटी पंतप्रधानांची. शेजारी संरक्षण, गृह, परराष्ट्र, अर्थ या खात्यांचे मंत्री, हे सभासद. मग सेनाप्रमुख, हेरखात्याचे प्रमुख. हे बोलावलं की येतात. टोकाला सल्लागारसाहेब, सगळी तयारी त्यांच्या सचिवालयाची.

"आणि ते प्राध्यापक, निवृत्त अधिकारी?"

"त्यांचं मंडळ वेगळं. खालच्या मजल्यावर बसून सल्ला लिहितात. तो मानला की नाही, हे त्यांना कोणी कळवत नाही."

"म्हणजे आपले बाबा," मुलगी म्हणाली. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

त्या दिवशी मात्र बैठक संपली आणि बाईंच्या हातात अकराच प्रती आल्या. पुन्हा मोजल्या. अकराच. नऊ नंबरची नव्हती.

"दार बंदच राहू द्या," सल्लागार म्हणाले.

नऊ नंबर अर्थमंत्र्यांचा. ते आजारी, म्हणून ऐनवेळी त्यांचे सचिव येऊन बसले होते. "मला प्रत मिळालीच नाही," ते म्हणाले. "मी शेजाऱ्यांच्या प्रतीत बघून वाचलं."

"वहीत तर दिली म्हणून नोंद आहे," सल्लागार म्हणाले. "खाली बाईंची सही आहे."

झालं. बाईंची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सगळ्यांचे डोळे सचिवांकडे वळले. गृहमंत्र्यांनी आपली खुर्ची हळूच थोडी लांब सरकवली. सचिवांनी कोटाचे खिसे उलटे करून दाखवले, बॅग टेबलावर रिकामी केली. त्यात चष्म्याचं घर, गोळ्यांची पट्टी, एक अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. चांगला पन्नाशीचा माणूस, पण गोळ्यांची पट्टीसुद्धा उलटसुलट करून दाखवत होता. सीमेवरच्या लष्करी तुकड्यांचा कागद गायब म्हणजे त्याची नोकरी तर जाणारच, वर तुरुंग.

बाईंना आठवलं. बदली आलेल्या माणसाला खुर्ची मिळते, प्रत नाही, हा नियम. सकाळी मंत्र्यांचा निरोप आला तेव्हा आपण काय केलं होतं? बाई कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीकडे गेल्या. किल्ली त्यांच्याच गळ्यात. झाकण जेमतेम उघडलं. आत नऊ नंबर आरामात पडलेला.

प्रत नियमाप्रमाणे पेटीत ठेवली होती आणि वहीत मात्र सवयीने बारा लिहून मोकळ्या झाल्या होत्या!

कोणी पाहिलं नव्हतं. झाकण लावलं असतं तर लागलं असतं. निवृत्तीला चार महिने, मुलीचं शेवटचं वर्ष, डोक्यावर सरकारी घराचं छप्पर. बाईंना त्या क्षणी स्वतःची भयंकर भीती वाटली, कारण हात झाकणावरच होता.

"साहेब," त्या वळल्या, "त्यांना प्रत दिलीच नव्हती. ही घ्या. खोटी नोंद माझी आहे."

सचिव मटकन खाली बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. पंतप्रधानांनी घड्याळ पाहिलं आणि त्या उठल्या. "चला, मिळाली ना? दार उघडा."

"नाही मॅडम," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून मोजावं लागेल."

पंतप्रधान परत खाली बसल्या. बाईंनी एकेक प्रत उचलून नंबर मोठ्याने वाचला. बारा झाल्यावर त्यांनी गळ्यातली किल्ली काढून सल्लागारांपुढे ठेवली.

सल्लागारांनी ती खिशात टाकली. "चौकशी होईल," ते म्हणाले. "तोवर पेटी मी उघडेन."

"आणि मोजणार कोण?"

"तुम्हीच," ते म्हणाले. "दुसरं कोण?"