बचावाची कळ

२००५ च्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, पुलगावच्या एका गेम पार्लरमध्ये माझ्या मामेभावाने माझ्या कानशिलात मारली. मी त्याला उजवीकडे उडी घ्यायला सांगितले होते. वार उजवीकडूनच आला आणि पडद्यावर त्याच्या माणसाची मान उडाली.

मारणे तिथल्या नियमाला धरून होते. पार्लर म्हणजे धान्याच्या बंद पडलेल्या दुकानातली पुढची खोली. एक टीव्ही, एक मशीन, दोन लोखंडी स्टूल आणि मागे बघणाऱ्यांसाठी बाक. तलवारबाजीच्या त्या गेमची सीडी नक्कल केलेली होती आणि पडद्यावर येणारी अक्षरे जपानी होती. कोणती कळ काय करते, कोणता शत्रू कसा लढतो, हे सांगणारे कोणी नव्हते. त्यातून एक पद्धत पडली होती. खेळणारा आपल्या माणसाकडे बघे. शेजारी बसणारा फक्त शत्रूकडे बघे आणि पुढचा वार आधी सांगे. सांगणे चुकून खेळणारा मेला, तर सांगणाऱ्याने एक थप्पड खायची. वयाने कोण मोठा, हे बघितले जात नसे.

मामेभाऊ आंजी गावचा. आयटीआयसाठी तो दोन वर्षे आमच्या घरी राहिला होता आणि सोमवारच्या गाडीने पुण्याच्या एका कारखान्यात रुजू व्हायला निघणार होता. गेममधल्या शेवटच्या शत्रूला पार्लरमध्ये कोणी मारले नव्हते. नाचणगावचा एक गडी आपण मारल्याचे सांगत असे. ते पाहिलेला कोणी भेटला नाही. जाण्याआधी मीच मारीन, असे मामेभाऊ सगळ्यांसमोर बोलून बसला होता. हाती तो एकच दिवस उरला होता. त्यातही दुपारी लोडशेडिंग सुरू होई. मशीनला मेमरी कार्ड नव्हते, त्यामुळे वीज गेली की सगळे पहिल्यापासून.

बाकीचे शत्रू आम्हाला पाठ होते. भालेवाला दोनदा खुपसतो, मग मागचा पाय ओढून घेतो. तो पाय हलला की आत शिरून पोटात तलवार घालायची. कुऱ्हाडवाला जाडा कुऱ्हाड डोक्यावर धरून थांबतो. थांबला म्हणून जवळ जाणारा खांद्यापासून कमरेपर्यंत चिरला जातो. कुऱ्हाड जमिनीत रुतू द्यायची आणि मग मनगट तोडायचे. कुत्री जोडीने येतात. भुंकते ते येत नाही, गप्प असते ते नरडे धरते. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी मरून शोधली होती.

शेवटचा पांढऱ्या मुखवट्याचा. बर्फ पडलेल्या अंगणात तो तलवार म्यानात घालून उभा राही. जवळ गेले की तलवार उपसता उपसताच मान कापे. लांब राहिले की धावत येई. आमच्या माणसाला उडी मारून टाळण्याखेरीज दुसरा बचाव नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.

"तलवार काऊन पाहून राह्यला बे?" मामेभाऊ म्हणाला. "पाय पाहाय त्याचा!"

"त्याचा घागरा आडवा येते, दादा. पाय दिसतच नाई."

मागच्या बाकावरून नाचणगावचा तो गडी बोलला, "उद्या पुण्यात सांगजो, मुखवट्यानं मले हार घालून पाठवलं म्हणून."

बाक हसला. मामेभावाने हातातला खेळायच्या कळांचा रिमोट भिंतीवर हाणला. कवच फुटून आतल्या पट्ट्या बाहेर आल्या.

मालकाला आम्ही सेठ म्हणत असू. तो खुर्चीवरून उठला. "तुया बापाचं दुकान हाय का रे?" असे म्हणत त्याने मामेभावाला मानेला धरून स्टुलावर आदळले. मग घरातून दुसरा रिमोट आणला. "हा माया पोराचा हाय. हा फोडला तं तुले फोडतो."

खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. भालेवाला आला. आमचा माणूस हलेना. तलवार छातीसमोर आडवी धरून तो जागीच उभा राहिला.

"हा काऊन अडून राह्यला?" मामेभाऊ ओरडला.

भाला आडव्या तलवारीवर आपटला. ठिणग्या उडाल्या आणि भालेवाला मागे कोलमडला.

जुन्या रिमोटची वरची उजवी कळ मेलेली होती. तिला काही काम आहे, हेच कोणाला माहीत नव्हते; सगळे तिच्यावर बोट टेकवून बसत. नव्या रिमोटवर तेच बोट टेकले आणि कळ दबली. दोन वर्षे सारे पार्लर बचावाशिवाय लढले होते.

दुपारपर्यंत आम्ही बर्फाच्या अंगणात पोचलो. मुखवटेवाल्याने तलवार म्यानात घातली. मी त्याच्या घागऱ्याच्या कडेवर नजर ठेवली. कड थरथरली.

"अडव!"

ठिणग्या उडाल्या. मुखवटेवाल्याचा गुडघा पहिल्यांदाच बर्फाला टेकला.

"मार!"

पहिला वार खांद्यात बसला. तो उठला, धावत आला. पुन्हा अडवले, पुन्हा गुडघा टेकला, आणि या वेळी उजवा हात कोपरापासून तुटून पडला. बर्फ लाल झाले. डाव्या हाताने त्याने तलवार उचलली. मामेभावाने ती अडवली आणि त्याची मान उडवली. मुखवटा घरंगळत पडद्याच्या कडेला आला. अक्षरे उमटू लागली आणि वीज गेली.

"हे धरत नाई," नाचणगावचा म्हणाला. "रिमोट नवा होता."

"मेला नं तो?" मामेभाऊ म्हणाला.

"आमी सारे जुन्यानं मरून राह्यलो, अन् तू ढाल घेऊन आला. मर्दानी हाय का हे?"

मामेभावाने त्याच्या नाकावर ठोसा मारला. रक्त ओठांवरून शर्टावर आले. नाचणगावच्याने रिकामे स्टूल दोन्ही हातांनी उचलले. मी त्याचे पाय बघत होतो. डावा पाय पुढे आला.

"डावीकून, दादा!"

मामेभावाने उडी घेतली नाही. डावा हात कपाळासमोर आडवा धरला. स्टूल त्यावर आले. मोडल्याचा आवाज दाराशी उभ्या असलेल्या सेठनेही ऐकला.

मनगटाच्या वरची दोन्ही हाडे मोडल्याचे डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितले. सोमवारची गाडी गेली. कारखान्याने ती जागा दुसऱ्याला दिली.

नवा रिमोट सेठने घरी परत नेला. जुन्याला चिकटपट्टी लावून तोच पुन्हा मशीनला जोडला. पुढच्या रविवारी मामेभाऊ प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून सांगणाऱ्याच्या स्टुलावर बसला. रिमोट माझ्या हातात होता. बर्फाच्या अंगणात त्याने "डावीकडे" म्हटले. मी डावीकडे उडी घेतली आणि मान उडाली.

त्याने गाल पुढे केला. मी मारली.