निखळलेली चाकं आणि निर्दोष बोल्ट

आण्णांनी माझ्या टेबलावर कापडी पिशवी उलटी केली. दहा बोल्ट घरंगळले, त्यातले आठ मोडलेले. माझा चहा सांडला. त्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"बोल्ट डुप्लिकेट हाईत. एवढं लेटरहेडवर लिवून द्या. दुपारपतोर पायजे."

"मग तपासायला कशाला आणलेत?"

"तपासा की. न्हाई कोण म्हणतंय? निकाल तेवढा सांगिटलाय."

मी मेटलर्जिस्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये बावीस वर्षं नोकरी करते. लोखंडाचा तुकडा का मोडला, हे शोधून सांगणं हे माझं काम. बहुतेक गिऱ्हाइकांना ते आधीच माहीत असतं. त्यांना फक्त आमचा शिक्का हवा असतो.

आण्णांच्या सहा बस. कारखान्यांच्या कामगारांची ने-आण करायच्या. आदल्या दिवशी कागलजवळ हायवेवर त्यातल्या एका बसची डावीकडची मागची चाकं निखळली. बसला मागे प्रत्येक बाजूला दोन चाकं शेजारीशेजारी असतात. दोन्ही गेली. एक तर बसला ओव्हरटेक करून पुढे गेलं आणि उसात शिरलं. आत अडतीस बायका होत्या. ड्रायव्हर शिवामामांनी जोरात ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग धरून, बस घासत घासत कडेला आणून उभी केली. एकीचं मनगट मुरगळलं, बाकी सगळ्या धडधाकट उतरल्या.

या कामगिरीबद्दल आण्णांनी शिवामामांना त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. कारण, 'रॅश चालवतो'. म्हणजे गुन्हेगार दोन होते, ड्रायव्हर आणि बोल्ट. पहिल्याचा निकाल लागला होता. दुसऱ्याच्या निकालावर माझी सही हवी होती.

मी बोल्ट तपासले. कडकपणा बरोबर, धातू बरोबर. डुप्लिकेट वगैरे काही नव्हतं. मोडलेल्या तोंडावर मात्र कमानीसारख्या बारीक रेघा होत्या, एकीमागे एक. लाट ओसरताना वाळूवर उमटतात तशा. बोल्ट एका झटक्यात मोडला तर अशा रेघा दिसत नाहीत. हे बोल्ट रोज थोडे थोडे चिरत आले होते. याला आम्ही फटीग म्हणतो, धातूचं थकणं. उरलेले दोन बोल्ट तर मोडलेच नव्हते. त्यांचे नट आपसूक सुटून पडले होते. बोल्ट खराब असता तर नट कशाला पळून जाईल?

इथं थोडं समजावून सांगते. बसचं वजन बोल्टांवर टांगलेलं असतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. नट आवळला की बोल्ट अगदी किंचित ताणला जातो, केसाच्या जाडीच्या हिशोबात. तो ताण चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, दाबून धरतो. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, वळणावर टायरला बसणारी आडवी ओढ, खड्ड्याचा तडाखा, हे सगळं त्या दाबाच्या जोरावर चाकातून हबमध्ये जातं. बोल्टाने फक्त धरून ठेवायचं असतं. दाब गेला की चाक हबवर हलायला लागतं आणि सगळा मार बोल्टावर येतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत तो एकदा इकडे वाकतो, एकदा तिकडे. किलोमीटरला तीनशेच्या वर फेऱ्या. बांधायची तार आपण वाकवून वाकवून तोडतो, तसंच.

आता दाब का गेला, हा प्रश्न. मी निखळलेली चाकं मागवली. टेम्पोतून आली. चंदेरी, चकचकीत, अगदी लग्नाला निघाल्यासारखी. हबला टेकणारी बाजूसुद्धा रंगवलेली होती. बोल्टांच्या भोकांभोवतीचा रंग चेंगरून गेला होता आणि त्याच्या कडेने गंजाचे ओघळ होते.

मी शिवामामांना फोन लावला.

"मामा, चाकांना रंग कधी दिला?"

"पंधरवडा झाला. कंपनीची मान्सं गाड्या बघाय येणार हुती. समदी चाकं खोलून चंदेरी केली. आतनं, भाईरनं, दोन-दोन हात."

"सगळ्या गाड्यांची?"

"व्हय की. सहाच्या सहा."

"चालवताना काही जाणवलं होतं?"

"तीन दिस मागनं टकटक ऐकू येत हुती. आण्णास्नी सांगिटलं. ते म्हणले, टेपचा आवाज वाढीव."

जोडचाकांत रंगवलेल्या चार बाजू नटाखाली दाबल्या जातात. दोन-दोन हात म्हणजे आठ थर. गाडी धावली, चाकं तापली, रंग चेंगरला, झिजला. थर थोडेसे पातळ झाले आणि बोल्टाचा तो केसाएवढा ताण संपला. म्हणून चाक बसवल्यावर शे-दीडशे किलोमीटरनी नट पुन्हा आवळायचे असतात. आण्णांच्या गाड्यांना एवढी फुरसत नव्हती. त्या दिसायच्या छान.

मी आमच्या लॅबचे मालक पाटणकर सर यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं.

"फटीग फेल्युअर एवढंच लिहा," ते म्हणाले. "ते खरंच आहे ना?"

खरं होतं. माणूस हृदय बंद पडून गेला, असं लिहिण्याइतकं खरं.

"सर, बाकीच्या पाच बस आत्ता रस्त्यावर आहेत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्हाला जायचं तर जा. लॅबचं नाव मध्ये आणू नका."

मी टॉर्क रेंच घेतला. नट किती आवळलाय ते दाखवणारा हा पाना. त्याच्यावर लॅबचं नाव ठळक कोरलेलं आहे.

आण्णांच्या यार्डात पोचले तेव्हा दुपारच्या शिफ्टची बस निघायच्या तयारीत होती. इंजिन चालू, बायका डबे घेऊन बसलेल्या. आण्णा दारात आडवे उभे राहिले.

"मॅडम, रिपोर्ट कुठाय?"

"आधी या गाडीचे नट बघू."

"टाईट हाईत सगळे. मी सोता बघिटलंय."

"मग तुम्हीच पाना लावा."

त्यांनी मोठ्या ऐटीत बाह्या सरसावल्या आणि डाव्या मागच्या चाकाला पाना लावला. एका हाताने नट फिरला, अर्धा आटा. दुसराही फिरला. तिसऱ्याला मी पानाही लावू दिला नाही. "हाताने बघा," म्हटलं. आण्णांनी दोन बोटांत धरला, तसा तो फिरला. ते तसेच उकिडवे बसून राहिले. वर बसमध्ये कुणीतरी हसत होतं, कुणी रेंगाळणाऱ्या मैत्रिणीला हाका मारत होतं.

खिडकीतून एका बाईने डोकं काढलं. "आण्णा, सोडा की गाडी. हजेरी कापतील."

आण्णा उठले. "खाली उतरा," ते म्हणाले. "समद्याजणी."

"का वो?"

"मॅडमचं टेस्टिंग हाय."

अपघात टळला तर तो आमच्या टेस्टिंगमुळे होणारा खोळंबा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. बायका मला चार शब्द ऐकवून उतरल्या. मी ऐकून घेतले.

फोन करकरून बाकीच्या चार बस जिथल्या तिथं थांबवल्या. पाचपैकी दोन गाड्यांचे नट सैल निघाले. एकीच्या तीन बोल्टांना चिरा पडायला लागल्या होत्या. टेकणाऱ्या बाजूंचा रंग खरवडला, बोल्ट बदलले, ठरलेल्या मापाने नट आवळले. मी रिपोर्टमध्ये कारण पूर्ण लिहिलं. पाटणकर सरांनी यार्डातले फोटो पाहिले आणि सही केली.

शिवामामांना आण्णांनी परत बोलावलं. माफी वगैरे मागितली नाही. सहाही गाड्यांचे नट तपासायचं जादा काम तेवढं त्यांच्या गळ्यात घातलं. आण्णांच्या भाषेत हा सन्मान असतो. मामांनी दुसऱ्याच आठवड्यात एक गाडी अडवून धरली, आण्णा समोर ओरडत असताना. नट सैलच होता.

चाकं रंगवायची तर हौसेने रंगवा, पण धातू धातूला टेकतो ती जागा सोडून. आणि ड्रायव्हर म्हणाला की मागून आवाज येतोय, तर गाडी थांबवा. आम्हीही लॅबमधून तेच सांगतो, फक्त चाक निघून गेल्यावर आणि इंग्रजीत.