उलट शिवलेलं इतिहासाचं पुस्तक

आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहतात. बाहेरच्या खोलीत मशीन, खिडकीशी इस्त्रीचं टेबल आणि दारामागे लोकांचे कोट टांगलेले. संसार आणि धंदा यांच्यामध्ये काय तो एक पडदा. मुलगी कॉलेजात जाऊ लागली तेव्हा वहिनींनीही बाहेरून पदवीला बसायचा घाट घातला. बाकीचे विषय सुटले, पण इतिहासाने दोनदा दगा दिला. आता ही शेवटची संधी होती. ती हुकली की मुदत संपणार, आणि पदवी कायमची राहून जाणार.

"आई, पाठ्यपुस्तक कोण वाचतं? गाईड वाच," मुलगी म्हणायची. तिच्या गाईडमध्ये साम्राज्य बुडण्याची पाचही कारणं एका पानावर होती. वहिनी ती घोकायच्या आणि पेपरात चौथं हमखास पसार व्हायचं.

"मग पाचवं चौथ्याच्या जागी ढकलायचं," वहिनींचे यजमान पडद्याआडून सुचवायचे.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्हाला काल काय जेवलात ते सांगता येत नाही."

यंदा त्यांनी कॉलेजचं जाडजूड पाठ्यपुस्तकच आणलं. ते मशीनशेजारी उघडं राहीना. वहिनींनी सरळ कात्री घेतली, पुस्तकाच्या पाठीची शिवण उसवली आणि प्रकरणं सुटी केली. एकेक प्रकरण चिमट्याने समोर अडकवायचं, पाय मशीनवर आणि डोळे त्याच्यावर. वाचून झालं की टेबलावर ठेवायचं, पुढचं त्याच्या वर. कापलेल्या बाह्या अशाच एकीवर एक रचायच्या, ही हाताची सवय. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी तो गठ्ठा जाड दोऱ्याने पक्का शिवला, वर कोटाच्या उरलेल्या अस्तराचं कव्हर चढवलं आणि वर मला, निवृत्त मास्तराला, दाखवायला आल्या.

मी उघडलं, तर पहिल्याच पानावर साम्राज्य बुडालेलं!

"वहिनी, तुमच्या पुस्तकात राजा आधी मरतो आणि मग गादीवर बसतो."

त्यांनी पानं चाळली, कपाळावर हात मारला आणि जिन्यातच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुन्हा उसवायची सोय नव्हती. "कापड असतं तर उसवलं असतं हो सर. कागदाची भोकं फाटतील." मग परीक्षेआधीची दुसरी फेरी त्या उलट्या पुस्तकातूनच सुरू झाली.

चारेक दिवसांनी खालून हाक आली. "सर, ते मोठं बंदर ओस पडलं म्हणतात. पण का?"

"पुढचं प्रकरण वाचा."

थोड्या वेळाने पुन्हा, "व्यापारी दुसरीकडे गेले, जकात वाढली म्हणून. पण जकात का वाढवली मेल्यांनी?"

"वाचा पुढे."

"लढायांचा खर्च! अहो सर, हे सगळं एकातून एक निघतंय की!" आणि मग जरा रागावूनच, "हे आधी का नाही सांगितलंत? शिवलेला कोट समोर असला की तो कसा बेतलाय ते मला कळतं. नुसते तुकडे दाखवून काय कळणार?"

पुस्तक तेच होतं. रुक्ष, बारीक टाइपाचं, परिच्छेदांनी दमवणारं. पण आता वहिनी त्याला प्रश्न विचारत होत्या, आणि ते बापडं उत्तरं देत होतं. मी जन्मभर मुलांना पाठ्यपुस्तकं वाचायला लावली. ती एवढी उपयोगी पडताना मी फार थोड्यांच्या हातात पाहिली. मुलगीही हळूच येऊन आईला विचारू लागली, "ती जकात कशाने वाढली गं?"

निकालाच्या दिवशी मुलीने मोबाइलवर पाहिलं आणि किंचाळली. वहिनींचा विश्वास बसेना. "सर, तुम्ही चष्मा लावून बघा." मी पाहिलं. वहिनी पास झाल्या होत्या, आणि चांगल्या गुणांनी.

त्या तडक उठल्या. मशीनवर जाऊन बसल्या आणि खाली कापड नसताना, दोरा नसताना भरधाव मशीन चालवू लागल्या. टेबलावरची बटणं नाचत खाली पडली.

"अगं, सुई मोडेल!" यजमान ओरडले.

"मोडू दे!" वहिनी म्हणाल्या आणि पाय आणखी जोरात मारू लागल्या.