सोनीचे मोजलेले श्वास

मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सतरा वर्षं काम करतोय. काटा जो आकडा दाखवतो तो लिहायचा, आपल्याला काय वाटतं ते नाही... माझी श्रद्धा एवढीच. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जातो. त्यामुळे हे लिहावं की नाही, यात एक वर्ष गेलं.

आम्ही इंदापूर तालुक्यात कळसला राहतो. मी, बायको सुनंदा आणि माझे वडील, आबा. सोनी आमची गावठी कुत्री. सहा वर्षांची, साडेसतरा किलोची.

गेल्या जानेवारीत उसात उंदीर फार झाले. शनिवारी संध्याकाळी मी गव्हाचा भरडा, तेल आणि उंदीर मारायची काळी पावडर कालवून तीस गोळ्या केल्या आणि बिळांत ठेवल्या. आमच्याकडे रीत अशी, की उरलेल्या गोळ्या सकाळी वेचून पुरायच्या आणि मगच कुत्री रानात सोडायची. रविवारी सकाळी मला अकरा मिळाल्या. वहीत लिहिलं — खाल्लेल्या १९. बेरीज तीस झाली. मी घरी आलो आणि सोनीची साखळी काढली.

दुपारी तीन वीसला ती अंगणात आली. पाय लटपटत होते, तोंडाला फेस. मी बारामतीच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावेपर्यंत आबांनी ताटलीत पाव लिटर दूध ओतून तिच्या तोंडाशी धरलं होतं. दुधानं विष उतरतं, ही इथली जुनी समजूत.

डॉक्टर तरुण बाई आहेत. म्हणाल्या, "काका, काहीही पाजू नका. दूध नको, तूप नको, मिठाचं पाणी नको. त्या पावडरीवर दूध गेलं तर जास्तच बिघडतं. पाकीट सोबत आणा. गाडीच्या काचा उघड्या ठेवा, ती ओकली तर तोंड जवळ नेऊ नका. आणि वाटेत श्वास मोजत राहा."

मी ओरडलो, "आबा, दूध नको म्हणतायत!"

"पिली की ती," आबा म्हणाले. ताटली रिकामी होती.

मी सुनंदाच्या हातात वही आणि घड्याळ दिलं, तसे आबा भडकले. "मोजून जगतंय व्हय रं कुत्रं? गाडी काड आधी!"

३:३५ ला निघालो. सुनंदा मागच्या सीटवर, सोनी गोधडीत गुंडाळून तिच्या मांडीवर. तीस सेकंद मोज आणि दुप्पट कर, असं मी तिला सांगितलं होतं. जंक्शन गावापाशी ५२. त्यापुढं ४४. सणसरला ३६.

"अहो, कमी व्हायला लागलेत," ती म्हणाली.

मी फोन स्पीकरवर टाकून डॉक्टरांना आकडे सांगितले. "उतरतायत ना, मग चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येतोय तिचा श्वास. या लवकर."

मलाही ऐकू येत होता. मागून... ओलसर, घरघरणारा.

४:२४ ला दवाखान्याच्या फाटकात शेवटचा आकडा — २८. आरशात सुनंदा हसताना दिसली. "वाचली बघा!"

डॉक्टरांनी टेबलावर गोधडी उघडली. सोनीचे पाय लाकडासारखे ताठ होते. जबडा उघडेना. थर्मामीटर लावून पाहिला, परत लावून पाहिला.

"ही कधी गेली?"

"आत्ता श्वास मोजला," मी म्हणालो.

"झटके आलेलं जनावर लवकर ताठतं, ते मान्य. पण इतकं गार नाही होत. काका, हिला जाऊन निदान तीन तास झालेत."

तीन तास मागे म्हणजे दुपारचा दीड. अंगणात ती आली तीन वीसला.

"माझ्या तळहाताला लागत होता हो श्वास," सुनंदा म्हणाली. "आत्तापर्यंत."

"मीही ऐकला," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

पोट उघडून बघा, असं मीच सांगितलं. मला कारण कागदावर हवं होतं. आत भरडा निघाला, काळी पावडर निघाली. दुधाचा थेंब नव्हता. ती ओकलीही नव्हती, ना अंगणात ना गाडीत.

कुत्रं पाळणाऱ्यांना एवढंच सांगतो. गोळी सापडली नाही म्हणून ती उंदरानं खाल्ली, असं धरू नका. उंदरांनी ओढून नेलेल्या दोन गोळ्या मला दुसऱ्या दिवशी बांधाच्या गवतात सापडल्या. तिसरी सोनीला आधीच सापडली असणार. माझी चूक मला कळली आहे.

वहीतल्या आकड्यांचं मात्र कळत नाही. ५२, ४४, ३६, २८. दर वेळी बरोबर आठनं कमी. जिवंत जनावराचा श्वास असा मापात उतरताना आपण पाहिला नाही, असं डॉक्टर म्हणतात.

आबा दोन दिवस जेवले नव्हते. "मीच मारली तिला," एवढंच म्हणत होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"आबा, तुमच्या दुधानं नाही गेली ती. गोळी माझ्याकडून वेचायची राहिली. तिच्या पोटात दूध नव्हतंच."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या ताटलीकडं.

"न्हाय?" ते म्हणाले. "मग माझ्या हातनं पिलं ते कोन रं?"