रक्तपेढीचा दुसरा सर्व्हर

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत, कारण ती भित्री होती. रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या कंपनीत ती बरीच वर्षं प्रोग्रॅमर होती. कोणत्या पिशवीत कुठल्या गटाचं रक्त, ते कुणाला चालेल, हे सगळं ऑफिसातल्या एकाच जुन्या सर्व्हरवर असायचं. आणि नवे प्रोग्रॅमही तिला त्याच सर्व्हरवर तपासून बघावे लागत. एखादी चूक झाली तर खरी माहितीच पुसली जाईल, म्हणून एंटर दाबण्याआधी ती प्रत्येक ओळ पुन्हा वाचायची.

शेवटी तिने मालकांपुढे रड लावली. ते म्हणाले, "डेव्हलपमेंटसाठी वेगळं मशीन घेऊ. पण निवडायचं तुम्हीच."

हे ऐकून ती आणखीच घाबरली. आयुष्यात तिने पडद्याचं कापडसुद्धा एकटीने निवडलं नव्हतं. घरी नवरा म्हणाला, "अगं, विक्रेता सांगेल तो घे नि मोकळी हो."

विक्रेता सांगत होता सगळ्यात लहान मॉडेल. "मॅडम, प्रोग्रॅम लिहायला एवढं पुष्कळ झालं."

"आमचा डेटा घालून बघते, मग ठरवते," ती म्हणाली.

बॅकअपची टेप घेऊन ती त्याच्या शोरूममध्ये गेली. विक्रेत्याने टेप सरकवली. स्क्रीनवर फाइलींची नावं भराभर उतरली. तिने एक फाइल उघडली. रिकामी. दुसरी उघडली, तीही रिकामी.

"टेप तर ठीक आहे," विक्रेता पुटपुटला. "तुमच्याकडचा बॅकअप फक्त नावंच उतरवून घेतोय."

रोज सकाळी 'बॅकअप पूर्ण' असा संदेश यायचा आणि ती निर्धास्त व्हायची. आयुष्यात निर्धास्त झाली ती तेवढ्याच एका बाबतीत. तिने तिथूनच मालकांना फोन लावला.

"साहेब, आपल्याकडे दुसरी प्रत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता तो सर्व्हर बसला, तर कुठली पिशवी कुणाला द्यायची ते रक्तपेढ्यांना कळणार नाही."

"मग आजच्या आज प्रत काढा. मशीन मिळेल ते आणा," मालक म्हणाले.

शोरूममधलं मोठं मॉडेल विक्रेत्याने कॉपीपुरतं म्हणून गाडीत घालून ऑफिसात आणलं. दोन्ही मशीनं केबलने जोडली आणि कॉपी सुरू झाली. ती जुन्या सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसली. आतून मधेच खरखर व्हायची, पंख्याचा आवाज बदलायचा, आणि ती वाकून स्क्रीनकडे बघायची. तेवढ्यात सफाईवाल्या मावशी आल्या आणि फरशी पुसायचं यंत्र लावायला सर्व्हरच्या प्लगकडे त्यांचा हात गेला.

"मावशी, नको," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला वाटलं, ऐकूच गेला नाही.

मावशींनी वळून तिच्याकडे बघितलं. "काय झालं गं? पांढरीफटक पडलीस." आणि प्लग सोडून त्यांनी आधी तिला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी कॉपी पूर्ण झाली. या वेळी तिने संदेशावर विश्वास ठेवला नाही. फाइली उघडून बघितल्या. आत सगळं होतं.

"आता लहान मॉडेल घ्यायला हरकत नाही ना?" मालकांनी विचारलं.

"लहानात हे मावणारच नाही, साहेब. शिवाय जुना बंद पडला तर याच्यावर काम चालवता आलं पाहिजे. मोठंच घेऊ." मालकांनी होकारार्थी मान हलवली.

ते मशीन कायमचं ठेवून घेतल्यावर थोड्याच दिवसांत नवा प्रोग्रॅम तपासताना तिच्या हातून रक्तगटांचा सगळा तक्ता पुसला गेला. कोणतं मशीन आहे ते तिने दोनदा बघितलं; नवंच होतं. मग उठून बाहेर फोन घेणाऱ्या मुलीकडे गेली.

"रक्तपेढीतून कुणाचा फोन आला?"

"नाही ताई. का?"

"काही नाही," ती म्हणाली. फोन वाजतोय का, हे ऐकत ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग आत जाऊन तिने जुन्या सर्व्हरवरून तक्ता पुन्हा भरायला घेतला.